दर महिन्याला ‘ठीक’

मी एक जुना लेथ आहे आणि माझं कुणाशी फारसं पटत नाही. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमची-माझी मैत्री नाही आणि आता व्हायला वेळही नाही. येत्या सोमवारी मला भंगारात नेणार आहेत. जाणाऱ्याने चार गोड शब्द बोलून जावं अशी लोकांची अपेक्षा असते. ती माझ्याकडून ठेवू नका.

लेथ म्हणजे लोखंड कातणारं यंत्र. माझ्या एका टोकाला चक आहे, म्हणजे सळई पकडून गरगर फिरवणारा लोखंडी पंजा. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक आहे. तो सळईचं दुसरं टोक पेलून धरतो. दोघांच्या मध्ये माझी लांब पाठ, तिला बेड म्हणतात. या पाठीवरून धारदार टूल सरकत जातं आणि फिरत्या सळईची साल काढत जातं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, म्हणजे कळेल.

मला ओतकामाच्या कारखान्यात घडवलं. ओतून झाल्यावर लगेच कामाला जुंपलं नाही. वर्षभर उघड्या आवारात नुसतं ठेवून दिलं. लोखंड आतून निवावं, त्याचा ताण जावा, म्हणून. मग पाठ घासून आरशासारखी सपाट केली आणि तिचा वरचा थर तापवून कडक केला. तो थर जेमतेम दोन कागदी पुठ्ठ्यांएवढा जाड असतो, पण माझं सगळं आयुष्य त्याच्यावर उभं होतं. त्यानंतर एका तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात मला बसवलं.

तिथले मास्तर तेव्हा नवीनच लागले होते. त्यांचा माझ्यावर भारी जीव. मुलांना माझ्याजवळ यायचं तर आधी हात धुऊन यावं लागे. सुटीच्या दिवशीही ते येऊन माझं तेलपाणी बघत. पाहुणे आले की मला दाखवत आणि म्हणत, “हा माझा वाघ. याने कातलेली सळई कुठंही मोजा, केसाचा फरक मिळायचा नाही.” मी फुगून जायचो. आता लाज वाटते, पण फुगायचो खरा.

कार्यशाळेत प्रत्येक यंत्राला एक कार्ड होतं. महिन्यातून एकदा शिक्षकांनी यंत्र तपासायचं आणि कार्डावर लिहायचं. डावीकडे तारीख, मधे ‘आढळलेले दोष’ असा रुंद रकाना, उजवीकडे सही. दर काही वर्षांनी दुरुस्तीवाले येत. ते यंत्रांकडे बघतसुद्धा नसत, आधी कार्डं बघत. ज्याच्या कार्डावर दोष लिहिलेला, तेवढं यंत्र उघडत. माझ्या शेजारच्या लेथचं कार्ड दोषांनी भरलेलं असे. त्याचे शिक्षक जरा कुठे कुरकुर झाली की लिहून मोकळे. मुलांनी त्या लेथला ‘रडका’ नाव ठेवलं होतं. मीही त्याला मनातल्या मनात हसायचो. माझ्या कार्डावर दर महिन्याला मास्तरांच्या सुबक अक्षरात एकच शब्द असायचा: ठीक.

सहा वर्षं तो शब्द खरा होता. सातव्या वर्षी माझी पाठ चकच्या बाजूला झिजू लागली. नवशिके सगळे तिथेच छोटी कामं करतात, त्यामुळे झीज तिथेच होते. त्यात माझा दोष नाही आणि मुलांचाही नाही. पण परिणाम असा झाला की सळई कातली की चककडचं टोक किंचित जाड राहू लागलं.

मास्तरांना ते पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कागदाची एक पट्टी फाडली आणि टेलस्टॉकच्या सांध्यात सारली. टेलस्टॉक नावापुरता बाजूला सरकला, सळई पुन्हा सरळ निघाली. मास्तर स्वतःवर खूश झाले आणि कार्डावर त्यांनी लिहिलं, ठीक. पुढे पट्टीची घडी घालावी लागली. आणखी काही वर्षांनी तीन पदर झाले. मी आतून झिजत होतो आणि बाहेर माझं कौतुक चालू होतं.

मग ती आली. मास्तरांची भाची, त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिला प्रवेश मिळाला तेव्हा मास्तरांनी तिला माझ्यासमोर उभं करून बजावलं, “घरी मामा, इथे सर. ध्यानात ठेव.”

“घरी तरी मामा कुठे असतात? तिथेही सरच असतात,” ती म्हणाली.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. माझ्यावर काम करताना तिचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं व्हायचं. प्रत्येक गोष्टीला तिचा एकच प्रश्न: किती? टूल किती पुढे घ्यायचं, तेल किती घालायचं. मास्तर म्हणत, “हाताला कळतं.” ती म्हणे, “तुमच्या हाताला कळतं, सर. माझ्या हाताला आकडा लागतो.” मास्तरांच्या कपाळावर आठ्या पडत. तिला उलट बोलायची खोड होती आणि त्यांना ऐकून घ्यायची सवय नव्हती.

तिच्या शेवटच्या वर्षी कार्यशाळेत नवं, संगणकावर चालणारं यंत्र आणायचं ठरलं. जागा एवढीच, तेव्हा प्रश्न आला, मला ठेवायचं की काढायचं. ठरवायला समिती येणार होती. त्याच दिवशी एका विद्यार्थ्याने ‘पुढची दहा वर्षं: तंत्रज्ञान आणि आपण’ या विषयावर आपले विचार वाचून दाखवायचे होते. निबंध निवडला गेला भाचीचा.

तालीम तिने माझ्याशेजारी उभं राहूनच केली. काय एकेक वाक्यं होती! येत्या काळात यंत्रं स्वतः विचार करतील. कारखाने माणसांवाचून चालतील. जे ट्रेंड ओळखतील ते टिकतील, बाकीचे संपतील. ‘बाकीचे’ म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. यंत्रं विचार करतील म्हणे! मी इतकी वर्षं दुसरं काय करतोय? मला कधी कुणी विचारलं नाही, एवढंच.

मास्तरांनी ते चार कागद तिच्या हातातून घेतले, उभ्याउभ्या वाचले आणि माझ्या पाठीवर आपटले.

“इकडून तिकडून उचललंयस सगळं. यात तू स्वतः मोजलेला एक तरी आकडा आहे का? एक दाखव.”

तिने चारही कागद उलटून पाहिले. एकही सापडला नाही. मला तेव्हा इतका आनंद झाला म्हणून सांगू! बरी जिरवली, असं वाटलं. पण मास्तरांनी नको त्याला नको ते सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तर बैठकीला गेल्यावर ती मोजायची साधनं घेऊन आली, आणि मोजणार होती मलाच.

मोजण्याआधी यंत्र पुसून स्वच्छ करायचं हे मास्तरांनीच शिकवलेलं. तिने टेलस्टॉक सुटा केला. सांध्यात कागदाची मळकी घडी दिसली. कचरा समजून तिने ती टोपलीत टाकली. मग सगळं बसवून एक सळई कातली आणि दोन्ही टोकं मोजली. फरक! आपलंच चुकलं असं समजून तिने दुसरी कातली, मग तिसरी. फरक तेवढाच. तिची नजर टेलस्टॉकच्या सांध्यावर गेली. मग टोपली उपडी करून तिने ती घडी शोधली आणि उलगडली. मास्तरांनी पट्टी कोऱ्या कार्डाची फाडली होती. तिच्यावर छापलेलं होतं, ‘आढळलेले दोष’. खाली काही नव्हतं.

मास्तर परत आले तेव्हा ती पट्टी त्यांच्यापुढे धरून उभी होती.

“हे काय आहे?”

“पॅकिंग आहे. कारागिरी म्हणतात त्याला. पुस्तकात नसतं ते.”

“मग कार्डावर लिहा ना, सर.”

“लिहिलं की याला उघडणार. कोणीतरी उपरे येणार, याच्या अंगाला हात लावणार. दुरुस्तीवाले कसे खेळखंडोबा करतात ते मी बघितलंय. माझ्या हाताखाली हा सरळ कातत नाही का? मग?”

“तुमच्या हाताखाली. तुम्ही निवृत्त झाल्यावर? पुढच्या सरांना कागदाचं कोण सांगणार?”

“अगं, तू कोण मला शिकवणारी? तुझ्या आईला मी बोट धरून शाळेत नेलंय.”

“त्याचा इथे काय संबंध, मामा?”

“सर म्हण.” मास्तरांचा आवाज चढला. “आणि यातलं एक अक्षर समितीपुढे आलं तर याद राख. घरी पाऊल ठेवणार नाही तुमच्या.”

त्यांनी नवी पट्टी फाडली, घडी घातली आणि जागच्या जागी बसवली. मी मास्तरांच्या बाजूने होतो, हे वेगळं सांगायला नको. ती कार्टी मला रस्त्यावर काढायला निघाली आहे याबद्दल मला शंका नव्हती.

समिती आली. अध्यक्षबाईंनी विचारलं, “किती जुना आहे हा?”

“जुना आहे, बाई, पण तब्येत माझ्याहून चांगली आहे,” मास्तर म्हणाले. सगळे हसले. मास्तरांनी सळई लावली, झरझर कातली आणि पुसून त्यांच्या हातात दिली. बाईंनी दोन्ही टोकं मोजली. तंतोतंत! त्यांनी माझं कार्ड चाळलं. पानामागून पान, ठीक, ठीक, ठीक. “मग याला ठेवूया,” त्या म्हणाल्या. “नव्या यंत्राला रडक्याची जागा देता येईल.” मी जिंकलो होतो.

आता भाचीची पाळी. तिने चार कागद बाजूला ठेवले आणि खिशातून एक चिटोरं काढलं.

“पुढच्या दहा वर्षांबद्दल मी बरंच लिहिलं होतं,” ती म्हणाली. “त्यातलं मी काहीच मोजलेलं नाही, म्हणून ते वाचत नाही. नवीन यंत्रं आपली अवस्था स्वतःच कळवतात असं मी वाचलंय. कळवत असतील. पण ते वाचणारा माणूस घाबरून ‘ठीक’ असंच लिहिणार असेल, तर यंत्र कितीही हुशार असून काय उपयोग? मी मोजलेली गोष्ट एकच आहे. सर, टेलस्टॉकमधला कागद काढून पुन्हा कातता?”

“कसला कागद?” मास्तर म्हणाले.

त्यांनी तोंडावर खोटं सांगितलं, सगळ्यांसमोर, माझ्या अंगावर हात ठेवून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती थांबली नाही. टेलस्टॉक सैल करून तिने कागद ओढून काढला आणि सळई स्वतः कातली. अध्यक्षबाईंनी मोजली. पुन्हा मोजली. मग त्यांनी माझं कार्ड मिटून ठेवलं आणि मास्तरांकडे पाहायचं टाळलं.

दोन दिवसांनी एक म्हातारा फिटर मला तपासायला आला. त्याने माझ्या पाठीवर सरळ पट्टी ठेवली, खालून फट पाहिली, मग झिजलेल्या जागी कानसेचं टोक ओढून पाहिलं. कानस सहज चावली. तो उठून उभा राहिला.

“पहिला कागद कधी घातला होता?”

“बारा वर्षं झाली,” मास्तर म्हणाले.

“तेव्हा बोलवायचं ना! वरचा कडक थर शाबूत होता. घासून सरळ करून दिला असता, आठवड्याचं काम. शेजारचा दोनदा केलाय की मी, बघा कसा चालतोय. आता याचा थरच गेलाय. खाली मऊ लोखंड. घासला तरी वर्षात पुन्हा झिजेल.”

फिटर गेल्यावर मास्तर भाचीला म्हणाले, “तुझ्यामुळे गेला हा.” तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं आहे. बहिणीच्या घरी जाणंही बंद केलं आहे.

पहिले काही दिवस मीही तिलाच शिव्या देत होतो. पण फिटरचं बोलणं डोक्यातून जाईना. बारा वर्षं. बारा वर्षांत दुरुस्तीवाले दोनदा माझ्या शेजारी येऊन गेले. हाकेच्या अंतरावर होते ते. माझं दुखणं ज्याला ठाऊक होतं त्याने ते कागदाने झाकलं, आणि ज्या मुलीला मी डोळ्यांसमोर नको होतो, तिने पहिल्यांदा माझी खरी अवस्था चारचौघांत सांगितली. तिचं माझ्यावर प्रेम नव्हतं. अजूनही नाही. पण तिने मला मोजलं.

काल मास्तर आले होते. त्यांनी माझं अंग पुसलं, तेल घातलं. “तुला मी कधी कमी पडू दिलं नाही रे, माझ्या वाघा,” असं म्हणून रडले. मला चक आवळून त्यांची बोटं धरावीशी वाटली. थोपटणारा हात मला बारा वर्षांपूर्वी नको होता, मला तेव्हा खरं लिहिणारा हात हवा होता.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करा असं मी सांगणार नाही. माझ्यावर भरपूर प्रेम झालं, त्यानेच माझा घात झाला. तुमच्या वर्गातही भविष्यावर निबंध लिहायला सांगतील. खुशाल लिहा, यंत्रं उडतील, बोलतील, काय हवं ते करतील. पण त्याआधी तुमच्या हातात जे सोपवलेलं आहे, मग ते यंत्र असो की माणूस, त्याला एकदा मोजून बघा, आणि जे आढळेल ते लिहा, मास्तर रागावले तरी लिहा. माझ्या कार्डावर बारा वर्षं दर महिन्याला ‘ठीक’ लिहिलेलं आहे. पहिल्याच महिन्यात त्या जागी खरं लिहिलं असतं, तर सोमवारी मी कामावर असतो.