एका रबरी पट्ट्यासाठी

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. या घरात मी ऐकलेला पहिला आवाज म्हणजे रझियाचं घसा खाकरणं. तिच्या नवऱ्याने, याकूबने, मला कुवेतहून पाठवलं, तेव्हा ती नवी सून होती. माझ्यासमोर पाटावर बसली, लाल बटण दाबलं आणि खाकरत राहिली. काय बोलावं ते सुचेना. पहिल्या कॅसेटची अख्खी बाजू खाकरण्यात आणि कोंबड्याच्या आरवण्यात गेली. याकूबने ती तिकडे पुन्हा पुन्हा ऐकली म्हणे.

मी हळू बोलतो, राग मानू नका. माझं चाकच तसं फिरतं.

त्या काळी आमच्या राजिवडा मोहल्ल्यातून कोणी कुवेतला निघाला की त्याच्या पिशवीत सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, पुडीशेजारी आमच्या घरची कॅसेट जायची. तिकडून त्याच पिशवीतून याकूबची यायची, तिलाही सोड्यांचा वास. घर माझ्याभोवती बसायचं. सासू, दीर, शेजारीण, सगळे. रझिया मागे दाराशी उभी. सगळे पांगले की ती पुन्हा मला लावायची, आवाज बारीक करून.

याकूब कायमचा परत आला, काही वर्षं ओटीवर बसला आणि अल्लाघरी गेला. त्याच्या कॅसेटींवर मुलांनी कधीच गाणी भरून टाकली होती. एकच उरली. रझिया ती दर जुम्म्याला ऐकायची. मग माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल झाला. याकूबचा आवाज लांबला, घोगरा झाला आणि थांबला.

एक रबरी पट्टा. बोटात अडकवता येईल एवढा. पण बाजारात विनीतचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकतात. म्हणून रझियाने नातवाला सांगितलं. रेहान पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

"बाबू, ह्याचा पट्टा तेवढा बघ रे. तुझ्या दादांचा आवाज ऐकायचाय."

"बघतो, दादी."

पट्टा राहिला. रेहान येताना दरवेळी नवीनच काही घेऊन यायचा. एकदा म्हणाला, हे एआय, हे पत्र लिहितं. पुढल्या खेपेला ते चित्र काढू लागलं. त्याच्या पुढल्या खेपेला गाऊ लागलं. त्याचा बाप अस्लम आंब्याचा व्यापारी. तो म्हणाला, "मागच्या वेळी दाखवलंस तेच दाखव की. ते जरा समजलं होतं."

"ते जुनं झालं, अब्बा."

"आठ दिवसांत? अरे, एवढ्यात माझी पेंढ्याच्या अढीतली आंब्याची पेटीसुद्धा पिकत नाही!"

रेहान हसला नाही. "मलाच धाप लागते, अब्बा. सोमवारी शिकलेलं शुक्रवारी बदलतं. थांबलो तर ऑफिसात मीच जुना."

मला पोराची कीव आली आणि वैतागही आला. त्याला कोणी थांबू देत नाही, हे खरं. पण आजीने काय मागितलं होतं, हे आठवायला किती वेळ लागतो? जगाने एवढ्या अकला मशीनच्या डोक्यात घातल्या, त्यात एक रबरी पट्टा कोणाला बनवता येऊ नये? शेवटी, ह्यातला आवाज काढून आणतो म्हणत, तो कॅसेटच घेऊन गेला. रझिया रोज विचारायची, "आला का रे फोन रेहानचा?"

तुम्हाला माझी एक विनवणी आहे. ती आत्ताच करतो, पुढचं सांगितल्यावर बोलवणार नाही. पळायचं तेवढं पळा बाबांनो. पण म्हाताऱ्या माणसाने काही मागितलं, तर त्याने मागितलं तेच द्या. त्याहून भारी काही आणू नका.

आज सकाळी रेहान आला. मोबाईल माझ्याच डोक्यावर ठेवला.

"दादी, कॅसेट फार खराब होती. खरखर, मागे गाड्यांचे हॉर्न. ते सगळं काढून टाकलं, एआयला त्यांचा आवाज शिकवला. आता दादा तुझ्याशी बोलणार. काय पाहिजे ते विचार, उत्तर देतील."

"आणि कॅसेट?"

"पुण्याला खोलीवर राहिली गं. आता लागतेय कशाला?"

त्याने बोट लावलं. आवाज याकूबचाच होता, खोटं कशाला बोलू. स्वच्छ, नितळ.

"रझिया, कशी आहेस?"

याकूबने जन्मात बायकोला नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या पिढीत, या मोहल्ल्यात, नवरा बायकोचं नाव घेत नसे. माझ्या पोटात फिरलेली त्याची प्रत्येक कॅसेट "अगो, ऐकतेस ना?" इथूनच सुरू व्हायची. हे या मशीनला कोण सांगणार? रेहानलाच ठाऊक नव्हतं.

"रझिया, बोल ना माझ्याशी," मोबाईल म्हणाला.

"बघ, हुबेहूब दादा!" रेहानचे डोळे भरले होते. पोराने जीव लावून केलं होतं.

रझिया पाटावरून उठली. दाराशी परका पुरुष आला की घ्यायची तसा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि आत निघून गेली.