पॉलिनच्या डब्यातलं कासव

कासव फिनलंडहून निघालं होतं आणि आजवर एकदाही हरवलं नव्हतं. ते आता वसईजवळच्या भुईगावात हरवणार, अशी लक्षणं मंगळवारी संध्याकाळी दिसू लागली.

तसं ते बोटाच्या पेराएवढं पितळी कासव. पायाला साखळी, साखळीला पत्र्याची चकती, चकतीवर नंबर. फिनलंडमधल्या एका शाळेच्या मुलांनी ते जगात सोडलं होतं. जिओकॅशिंग नावाच्या खेळात लोक ठिकठिकाणी डबे लपवतात, त्यांची जागा नकाशावर टाकतात आणि अनोळखी माणसं फोन हातात धरून ते शोधून काढतात. अशाच डब्यांमधून कासवाचा प्रवास चालायचा. ज्याला ते सापडेल त्याने ते पुढच्या डब्यात ठेवायचं आणि वेबसाइटवर तशी नोंद करायची. मुलांची अट एकच होती. कासवाला जुन्या पाणवठ्यांवर न्यायचं आणि तिथला इतिहास लिहायचा.

ॲनिशाला ते अहमदाबादजवळच्या एका पायविहिरीपाशी सापडलं. सूक्ष्मजीवशास्त्रात नुकतीच एमएस्सी झालेली ही मुलगी कुठेही गेली तरी आधी तिथलं पाणी बघायची. कासवाचा पुढचा मुक्काम तिने उभ्या उभ्या ठरवून टाकला : घरामागचं, शेजारच्या तुळशीदासकाकांचं बावखल. पावसाचं पाणी साठवायला वसईच्या वाड्यांमध्ये खणलेल्या या तळ्यांना नकाशावर ठिपकासुद्धा नसतो. डबा लपवला की निदान एका बावखलाला ठिपका मिळणार होता.

कासवाला पुढे नेणारी व्यक्तीही ठरली. नागपूरची क्षितिजा नावाची इंजिनीअर सोमवारी मुंबईहून श्रीलंकेला निघणार होती. ‘रविवारी येते. डबा सापडला तर कासव तिथल्या जुन्या तलावांवर नेईन,’ असा तिचा निरोप आला. कासव तिच्या हातात देता आलं असतं, नाही असं नाही. पण ते आजवर डब्यातून डब्यातच गेलं होतं, आणि ती परंपरा आपल्या गावात मोडायची ॲनिशाची तयारी नव्हती.

डबा तिने शास्त्रीय पद्धतीने निवडला. तो गंजता कामा नये, त्यात पाणी शिरता कामा नये, उंदरांनी कुरतडता कामा नये. या कसोट्यांना उतरणारा डबा घरात एकच होता, स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा. त्यावर मम्मीचं नाव कोरलेलं आहे, ही बाब तिने महत्त्वाची मानली नाही.

तुळशीदासकाकांची रीतसर परवानगी घेतली. “ठेव की,” ते म्हणाले आणि लगेच विसरून गेले. बावखलाच्या काठावर पूर्वीच्या रहाटाचा दगडी खांब अजून उभा आहे. त्यातल्या कोनाड्यात ॲनिशाने डबा ठेवला, वर नारळाच्या झावळ्या टाकल्या, चारी बाजूंनी पाहिलं. कुठूनही दिसत नव्हता.

संध्याकाळी यशोदाकाकू दारात. म्हणजे तुळशीदासकाकांच्या मिसेस.

“पॉलिन, तुझा डबा आमच्या खांबात काय करत होता गं?”

“माझा डबा?” मम्मी बाहेर आली. “तरी म्हटलं, सकाळपासून शोधतेय मी!”

ॲनिशाने झाकण उघडलं. आत वालाच्या शेंगा गच्च भरलेल्या. तळाशी कासव.

“काकू, तो तिथेच राहू द्यायचा होता.”

“लोकाचा डबा तसाच राहू देऊ?”

“पण आत शेंगा कशाला?”

“रिकामा डबा परत करतं का कुणी?” काकूंनी अशा आवाजात विचारलं, की ॲनिशाला आपल्या पदवीची शंका आली.

काकू बसल्या, चहा झाला आणि इतिहास सुरू झाला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा रहाट चालू होता. त्याच्या कुरकुरण्याने पहिले काही दिवस झोप लागली नाही. पुढे आळीतली पहिली पाणी उपसायची मोटार तुळशीदासांनी आणली, रहाट बंद पडला, आणि कुरकुर थांबल्यामुळे पुन्हा झोप लागेना. ॲनिशाने सगळं लिहून घेतलं. मोटारीपुढे ‘दुसरा पुरावा हवा’ असं पेन्सिलीने टिपलं.

दुसऱ्या दिवशी तिने डबा घासून, कासव घासून, परत तिथेच ठेवला. या वेळी काकूंना ‘हात लावू नका’ एवढंच सांगून.

या वेळी बर्नार्ड अंकल आले. पप्पांचे चुलतभाऊ, शेजारची वाडी त्यांची. स्कूटरवरून उतरायच्या आधीच त्यांनी आवाज दिला.

“पॉलिन! डबे बावखलावर विसरायचं वय झालं काय तुझं?”

डब्यात सुकेळी होती, उन्हात वाळवलेली केळी. मधाळ, चिकट. कासव त्यांच्यामध्ये असं रुतून बसलं होतं, की त्याला चमच्याने काढावं लागलं.

“अंकल, रहाट कधी बंद पडला?” हाताला येईल तो पुरावा सोडायचा नाही, हा ॲनिशाचा नियम.

“मोटार आली तेव्हा. आमची.”

“यशोदाकाकू म्हणतात, पहिली मोटार त्यांची.”

अंकलनी स्कूटरवर टेकून दीर्घ श्वास घेतला. “त्यांची पहिली आली, बरोबर. पण चालली पहिली आमची. त्यांची मोटार आठवडाभर नुसती पूजा करून ठेवली होती.”

ॲनिशाने पेन्सिलीची खूण तशीच ठेवली.

आता तिने नीट विचार केला. दोष नावाचा होता. तिने डब्याला काळी टेप गुंडाळली. झाकणापासून बुडापर्यंत, नावाचं एक अक्षर दिसणार नाही अशी. शुक्रवारी डबा कोनाड्यात गेला आणि शनिवारी सकाळी सालोमी आंटीबरोबर परत आला. आंटी किनाऱ्याजवळ राहतात आणि रोज सकाळी तुळशीदासकाकांच्या वाडीत भाजी घ्यायला येतात.

“आंटी, यावर तर नाव नव्हतं!”

“नाव कशाला लागतं? झाकणाला पोचा बघ. तुझ्या बाप्तिस्म्याला माझ्याच हातून पडला होता.”

डब्यात सुके बोंबील होते.

मम्मी मात्र खूश होती. गाव एकाएकी इतकं प्रेमळ कसं झालं ते तिला कळेना, आणि आलेल्या प्रत्येक डब्याची परतफेड म्हणून ती घरातले बाकीचे डबे भरभरून पाठवू लागली. एकीकडे मटणाचं झणझणीत इंदियाल, दुसरीकडे तांदळाच्या भाकऱ्या. रविवारी सकाळी ॲनिशाने कपाट उघडलं तर डबा लपवायला डबाच नव्हता. होता तो एकच, पोचा पडलेला.

दुपारी क्षितिजा येणार. ॲनिशाने कासव साबणाने तीनदा धुतलं. वास गेला नाही. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर बर्नार्ड अंकल आणि सालोमी आंटी घरी आले, पाठोपाठ काकू आल्या, आणि तिचा धीर सुटला. तिने सगळं सांगितलं. फिनलंड, नकाशा, श्रीलंका.

“आज कासव तिला मिळालं नाही, तर ते इथेच अडकणार. वेबसाइटवर कायमचं लिहिलेलं राहील, वसईपर्यंत आलं आणि पुढे गेलं नाही!”

“आपल्या गावाचं नाव?” अंकल खुर्चीत सरळ झाले. “नियम काय आहेत ते नीट सांग, बाय.”

“डबा जागचा हलवायचा नाही. आणि त्यातलं काही घेतलं, तर बदल्यात काही ठेवायचं.”

“म्हणजे रिकामा डबा परत करायचा नाही.”

ॲनिशा थबकली. “हो. म्हणजे... हो.”

“मग आठवडाभर आम्ही दुसरं काय करत होतो?” सालोमी आंटी म्हणाल्या.

“पण आधी का नाही सांगितलंस?” काकूंनी विचारलं.

“सांगितलं तर गुप्त कसं राहील?”

“भुईगावात?” काकू म्हणाल्या, आणि सगळे पोट धरधरून हसले. मम्मी तर सगळ्यात जास्त, कारण तिला आता डब्यांचा हिशेब लागला होता.

कासवासकट डबा पुन्हा कोनाड्यात गेला. स्टेशनाकडच्या माणिकपूरहून आलेली रिक्षा दुपारी बावखलापाशी थांबली, तेव्हा आळीतलं कुणीही क्षितिजाची वाट पाहत नव्हतं. तुळशीदासकाका आधीच चिखल झालेल्या केळींना पाणी घालत होते. बर्नार्ड अंकल आपल्या वाडीत उभे राहून एका नारळाच्या झाडाकडे टक लावून बघत होते. सालोमी आंटी आणि काकू काठावर बसून एकच मेथीची जुडी दोघींत निवडत होत्या. ॲनिशा केळीच्या पानांआड होती. तिचा फोन थरथरला.

“मी पोचलेय,” क्षितिजा कुजबुजली. “पण कुणी बघत असताना डबा काढायचा नसतो ना? इथे माणसं आहेत.”

“किती?”

“सगळी.”

ॲनिशाने पानाआडून अंकलना खूण केली. अंकल लगेच रस्त्यावर आले आणि आवाज दाबायचा जराही प्रयत्न न करता ओरडले, “पाठ फिरवा सगळ्यांनी! तिला लाज वाटतेय!”

अख्खी आळी वळली. रिक्षावालासुद्धा वळला.

“पोरी, खांबाच्या मागच्या—” तुळशीदासकाका केळींना उद्देशून म्हणाले. काकूंनी त्यांना मेथीची जुडी मारली.

मग झाकण फिरल्याचा आवाज आला. तो कुणाचा डबा, हे पाठमोऱ्या प्रत्येकाला कळलं.

“सापडलं!” क्षितिजा ओरडली. कासव तिच्या तळहातावर होतं. तिने ते नाकाशी नेलं, जरा लांब धरलं, मग डब्यातल्या कागदावर सही केली. सगळे तिच्याभोवती जमले. आता तिने पिशवीत हात घातला आणि नागपूरच्या संत्रा बर्फीचा पुडा काढला.

डब्यात खायचं काही ठेवायचं नाही, मुंग्या लागतात, हा खेळातला पक्का नियम होता. ॲनिशाने तोंड उघडलं.

“रिकामा कसा ठेवायचा?” क्षितिजा म्हणाली.

ॲनिशाने डबा तिच्यापुढे धरला.

बुधवारी श्रीलंकेहून नोंद आली. ‘कासव तलावाकाठच्या डब्यात ठेवलं. प्रकृती उत्तम. बोंबलाचा वास अजून येतो.’ त्याखाली फिनलंडच्या मुलांनी लिहिलं होतं : भुईगावचा इतिहास फार आवडला, पण पहिली मोटार नक्की कुणाची?

ॲनिशाने प्रश्न कुंपणापाशी मोठ्याने वाचून दाखवला. इकडून तुळशीदासकाका आणि तिकडून बर्नार्ड अंकल एकाच वेळी बोलू लागले. तिने पेन्सिल काढली. बावखलाच्या खांबापाशी मम्मी झावळ्या बाजूला सारत होती. “बर्फी संपली,” ती म्हणाली, “आता यात काय ठेवायचं ते सांगा कुणीतरी.”