लोखंडाची फ्रेम

“हात ठेव इथे,” मिस्त्रींचा कारखान्यातला जुना सोबती, वेल्डर, म्हणाला.

मागच्या खोलीत ॲल्युमिनियमची फ्रेम तात्पुरते बोल्ट लावून उभी केली होती. तिच्यावर बसवलेली कोरायची मोटर घरघरत होती. मिस्त्रींनी उजवा तळवा टेकवला.

“थरथरतेय ना?”

“फ्रेम थरथरतेय की माझा हात, हे मला कसं कळायचं रे?” मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच हसले.

एकतीस वर्षं त्यांनी ओतकामाच्या कारखान्यात साच्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, कोरले होते. केसभराचा फरक नुसत्या नजरेने पकडायचे. दोन वर्षांपूर्वी हाताला कंप सुटला आणि पटाशी खाली ठेवावी लागली. तेव्हापासून एकच ध्यास होता: संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं सीएनसी राउटर घरीच बनवायचं. बाकी सगळं जमलं, फ्रेमवर गाडी अडली. प्लायवूड पावसाळ्यात फुगेल म्हणून बाद झालं. उरलं ॲल्युमिनियम, नाहीतर लोखंडी चौकोनी पाइप.

मिस्त्रींची बायको आतून आली. ओला हात पुसून तिने फ्रेमवर टेकवला, क्षणभर थांबली.

“फ्रेमच,” ती म्हणाली. “तुमचा हात मला पाठ आहे.”

मिस्त्रींनी मोटर बंद केली.

“मग लोखंडच घे,” वेल्डर म्हणाला. “जड असलं की जागचं हलत नाही. मी जोडून देतो.”

“चार-पाच रविवार जातील तुझे. ॲल्युमिनियम कसं, बोल्ट आवळले की झालं. कुणाला त्रास नाही.”

“म्हणजे फ्रेम कुठली चांगली ते सोडून, उपकार कुणाचे नकोत ते बघतोयस होय? माझ्या डोळ्यांना वेल्डिंगची झळ लागली, तेव्हा आठ दिवस सायकलवर डबलसीट घरी सोडलंस. चढावर स्वतः उतरून ढकलायचास, मला उतरू द्यायचा नाहीस.”

“मी? मला नाही आठवत.”

“तुला कशाला आठवेल? मागे बसलो होतो मी.”

बायको खुदकन हसली. मिस्त्रींनी बोल्ट सोडवायला पाना उचलला.

पाच रविवार लागले. वेल्डर थोडं जोडायचा, थांबून चौकट काटकोनात आहे ना हे बघायला कर्ण मोजायचा, पुन्हा जोडायचा. सहाव्या रविवारी यंत्राने सागाच्या फळीत पहिलं वर्तुळ कोरलं. मिस्त्रींनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. ते उठून स्वयंपाकघरात गेले.

चहा त्यांनी स्वतःच आणला. दारातून खुर्चीपर्यंत येताना निम्मा बशीत सांडला.

वेल्डरने कप बाजूला ठेवला आणि आधी बशी तोंडाला लावली.