सोलां की सोलन

पहिला फोन आला तेव्हा मी अंगणात भिरंडं फोडत बसले होते, हात कोपरापर्यंत लाल. पलीकडून बाई विचारते, "मॅडम, सोलन में ठंड कितनी है? दो कमरे मिलेंगे?" मे महिन्यात, गोव्यातल्या धारगळात, थंडी! राँग नंबर म्हणून ठेवला. मग तसल्या फोनांची रीघच लागली. आठवड्यात अकरा फोन, आणि सोलांची ऑर्डर एकही नाही.

सोलां म्हणजे भिरंडाच्या, त्या आंबट लाल फळाच्या, वाळवलेल्या साली, कढीत घालतात त्या. पंधरा वर्षं मी ती हमरस्त्याच्या कडेला बसून विकली. मग रस्ता रुंद झाला, पूल आला आणि गाड्या वरून जायला लागल्या. डिचोलीला बँकेत कामाला जाणारी आमची सून ऋतिका म्हणाली, वेबसाइट काढूया. काढली. ह्यांनी मात्र तोंडावर सांगितलं, "यंदा सोलां खपली नायत, तर पाचय झाडां तोडून काजी लायतलंय." भिरंडाची ती झाडं मी लग्नानंतर लावलेली, तिथे म्हणे काजू! बोलायला ह्यांचं काय जातं!

रविवारी ऋतिकाने शोधून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पानाचं शीर्षक मीच सांगितलेलं, 'सुमंगलाची सोलां'. तिने ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि सोलांचं झालं सोलन, हिमाचलातलं थंड हवेचं गाव! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. खोल्या शोधणाऱ्यांना मी लगेच दिसत होते आणि सोलां हवी असणाऱ्यांना सातव्या पानावर. तिथवर जातो कोण?

"आई, लोक थंय कोकम लिवतत," ऋतिका म्हणाली. "ते जो शब्द लिवतत, तोच शीर्षकात पयलो होयो."

"कोकम काय गो? आमी सोलांक सोलांच म्हणतंव."

"म्हणतंव. पण आमी सोलां इकत घेतंव खंय?"

मी जास्तच चिडले. कोकम हा बाजारातल्या सरबताच्या बाटलीवरचा शब्द. माझ्या दारातल्या झाडाला मी त्या नावाने का हाक मारू? दोन दिवस मी सुनेला शीर्षकाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी हे अंगणात कुऱ्हाडीला धार लावायला बसले.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "घाल गो तुजा कोकम!"

शीर्षक झालं, 'कोकम, सुकं, गोव्याचं - सुमंगला'. माझं नाव शेवटाला गेलं, पाकिटंही तशीच छापली आणि सोलां तर कुठेच राहिली नाहीत. पण पंधरा दिवसांत आम्ही पहिल्या पानावर आलो आणि ऑर्डरी सुरू झाल्या. ह्यांनी कुऱ्हाड माळ्यावर टाकली. चुकलो म्हणतील तर शपथ! मला मात्र आनंद होईना. माझाच माल परक्या नावाने विकल्याचा राग मनात होताच.

पाचवी ऑर्डर पुण्याहून आली, सोबत चार ओळी. "मावशी, मी समीक्षा, मूळ पेडण्याची. सोलां शोधून शोधून कंटाळले, नुसती हॉटेलं येतात. शेवटी कोकम लिहिलं तेव्हा तुम्ही सापडलात. तुमच्याकडे सोलांच आहेत ना?"

ऋतिकाला मी ते दोनदा वाचायला लावलं. मग पाकिटावरच्या छापील 'कोकम'वर काट मारली आणि खाली पेनने लिहिलं, होय गो बाये, सोलांच.