तक्रारबाईंच्या हाताला काय लागलं

फर्निचरच्या कारखान्यात तिला सगळे तक्रारबाई म्हणत. टेबल डुगडुगतंय, कपाटाचं दार कुरकुरतंय, माणूस बसायच्या आधी खुर्चीच खाली बसली, असले सगळे फोन तिच्याकडे यायचे. पलीकडच्याने कितीही आगपाखड केली तरी बाई शांतपणे विचारायची, "नेमकं कुठे? कधीपासून?"

एकदा असंच विचारल्यावर एक आजोबा म्हणाले, "टेबलाचं सोडा हो, डुगडुगतोय तो माझा हात." बाई त्यांच्याशी बराच वेळ बोलत बसली. फोन ठेवला तेव्हा तिच्या डोक्यात एक किडा शिरला होता. तक्रारी ऐकण्यातच जन्म घालवायचा, तर टेबलांच्या कशाला? तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती.

डॉक्टर व्हायचंय असं घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "शीक गं, बिनधास्त शीक. तोवर माझे गुडघे दम धरतील."

कारखान्याच्या साहेबांनी राजीनामा वाचला आणि पोट धरधरून हसले. "बाई, तुम्ही डॉक्टर होईपर्यंत आम्ही वर पोचलेले असू!"

प्रवेशपरीक्षेच्या दुसऱ्या खेपेला तिला मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. वर्गातली पोरं तिला मावशी म्हणू लागली. सकाळी घोकलेली नस दुपारी डोक्यातून पसार व्हायची. मग पोरं जिन्यात गाठून दरडावायची, "मावशी, दंडातली मोठी हाडं किती?" बाई झटकन सांगायची, "दोन!" सगळे हसायचे, "अहो, एकच! दोन असतात ती कोपराच्या खाली!" आणि बाईसुद्धा भिंतीला टेकून हसायची. इतकं हसू तिच्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

बघता बघता पेशंट तपासण्याची पहिली परीक्षा आली. बाईने पडदा सारला, तर खाटेवर साक्षात साहेब!

"तक्रारबाई!"

"हळू, साहेब! माझी परीक्षा आहे."

"आणि मी काय, प्रश्नपत्रिका?"

बाईने ओठ घट्ट मिटले. मग सवयीने विचारलं, "काय त्रास होतोय? कधीपासून?" साहेबांना मोठा ताप येऊन गेला होता. आता उतार होता, दोन दिवसांत घरी सोडणार होते. तिने त्यांच्या पोटावर हात ठेवला मात्र, साहेब खुदकन हसले. पुन्हा ठेवला, तर खाट हलेपर्यंत हसले. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खा कारखाना चिडीचूप व्हायचा, त्या माणसाला गुदगुल्या होत होत्या! बाईच्याही पोटात हसू उकळायला लागलं.

परीक्षक मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "हसतंय कोण? पेशंट की विद्यार्थिनी?"

"दोघंही, मॅडम," बाईच्या तोंडून खरं ते निसटलं.

आता संपलंच, असं तिला वाटलं. तेवढ्यात तिला सुचलं, की स्वतःच्या हाताने कधी कुणाला गुदगुल्या होतात का? तिने साहेबांचाच तळवा त्यांच्या पोटावर ठेवला आणि त्यावर आपला. हसू ओसरलं. हळूच तिने आपली बोटं खाली सरकवली. "आता मोठा श्वास घ्या."

साहेबांनी श्वास घेतला आणि डाव्या बरगडीखालून काहीतरी टणक, गोलसर येऊन तिच्या बोटांना अलगद टेकलं. प्लीहा! धडधाकट माणसाची एरवी हाताला न लागणारी प्लीहा, तापाने वाढली की अशी बरगडीबाहेर डोकावते. पुस्तकात दहा वेळा वाचलेली ती आज बोटांना येऊन भेटली होती.

"सापडली!" बाई जवळजवळ ओरडलीच.

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. मग घाबरून, "ठेवायची ना तिथेच?"

"तिथेच, साहेब. ताप गेलाय, आता तीही जाईल जागेवर."

आता मॅडमनाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

बाहेर येताच तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, मला प्लीहा लागली!"

"अगं बाई! कुठे लागली? फार लागलंय का?"

"अहो आई, हाताला लागली!"

"मग हाताला बर्फ लाव आणि सरळ घरी ये! परीक्षा काय, पुन्हा देता येईल!"

काय झालं ते समजावायला गेली, पण हसण्यात तिला शब्दच फुटेना. ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. पोरं भोवती जमली, कशाला हसायचं ते न कळताच हसू लागली. निकाल संध्याकाळी लागला. बाई पास झाली होती.