दर अर्ध्या तासाला पाणी

उन्हाशी माझं जुनं वैर आणि त्यात मी कधी हरलो नव्हतो. बार्शीटाकळीच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली. वार्षिक परीक्षा संपली की दर उन्हाळ्यात पोरांची सहल नेत असे, पायी, चार-चार कोस. वऱ्हाडातलं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, पण माझ्या एकाही पोराला कधी ऊन लागलं नाही. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा आणि शिट्टी वाजली की पाणी. तहान असो वा नसो, दर अर्ध्या तासाला शिट्टी. गावात लोक मला पाठीमागे शिट्टीमास्तर म्हणत. म्हणोत बापडे.

म्हणूनच एकसष्ट साली अकोल्याला मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यात भर मे महिन्यात 'काश्मीर' उभं केलंय अशी बातमी आली, तेव्हा घरच्यांना तिथे न्यायचा विडा मीच उचलला. काश्मीर म्हणजे एक लांबलचक तंबू. चहूबाजूंनी वाळ्याच्या ओल्या ताट्या, आत बर्फाच्या लाद्या, मोठाले पंखे आणि पडद्यावर रंगवलेले पांढरे डोंगर. तिकीट काढून पंधरा मिनिटं आत बसायचं. माझा मुलगा चंद्रभान अमरावतीला कचेरीत कारकून. सुट्टीत बायको-मुलीला घेऊन घरी आला होता. तो म्हणाला, "बाबा, सांजच्याले जाऊ. ऊन उतरू द्या."

"सांजच्याले काश्मीर पाहून काय करतं? थंडाव्याची मजा भर बाराले. अन् मी आहो ना संग!"

चंद्रभान गप्प बसला. माझ्यापुढे तो नेहमीच गप्प बसायचा. हा त्याचा मोठा गुण आहे, असं तेव्हा मला वाटे.

आम्ही पाचजण निघालो. मी, माझी बायको पार्वताबाई, चंद्रभान, सून शकुन आणि आठ वर्षांची नात मैना. आदल्या रात्रीच कापडी छागल भरून खिडकीत टांगली होती. सकाळपर्यंत पाणी असं गार झालं की दात आंबावेत. कैरीचं पन्हं बाटलीत, पाच कांदे, पाच ओले दुपट्टे. सकाळच्या मोटारीत बसल्याबरोबर मी पहिली शिट्टी वाजवली तेव्हा ड्रायव्हरने दचकून ब्रेक दाबला. सगळी मोटार हसली. मैनेला तर हसू आवरेना. शिट्टी झाली की छागलीतून भरलेला पितळी गडवा पहिल्यांदा तिच्या तोंडाला लागायचा. "आबाजी, आता वाजवा ना," असं ती मलाच आठवण करून द्यायची. माझ्या तीस वर्षांतल्या कुठल्याही पोरापेक्षा ही पोर हुशार, असं मी पार्वताबाईला दोनदा सांगितलं.

क्रम ठरलेला होता. आधी मैना, मग मी, मग चंद्रभान. मग गडवा भरून मी पार्वताबाईकडे द्यायचा, तिने प्यायचं आणि सुनेला द्यायचं. सून पाणी पिताना सासऱ्याने तोंड फिरवावं, ही आमच्याकडची रीत. मी फिरवत असे. गडवा रिकामा परत आला की मनात खूण करून घ्यायचो.

प्रदर्शनात शिरलो तेव्हा अकरा वाजले होते. गर्दी नव्हतीच, आणि का नव्हती याचा विचार माझ्यासारख्या शहाण्याने करायला हवा होता. आकाशपाळणा रिकामा उभा होता. त्याच्या लोखंडाला हात लावून मैना किंचाळली. इंजिनाचे पंप पाहिले, नव्या बियाण्यांचे खोके पाहिले. मी प्रत्येक ठिकाणी थांबून समजावून सांगत होतो. मागच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केलेला होता, वर 'पुरुषांसाठी' अशी पाटी. मी दोनदा जाऊन आलो, चंद्रभानही गेला. बाहेर येऊन मी म्हणालोसुद्धा, "वेवस्था मात्र चोख ठेवली हाय बुवा." पार्वताबाईने माझ्याकडे पाहिलं.

बाराच्या सुमारास काश्मीरच्या रांगेत लागलो. तिथे मात्र माणसं होती. पुढे पंचवीस-तीस लोक, डोक्यावर एक कापडी छप्पर, त्याला भोकं. ताट्यांवर पाणी मारणारा गडी बादली घेऊन फिरत होता आणि ओल्या वाळ्याचा वास येऊन येऊन सगळ्यांना वेड लावत होता. मी शिट्टी वाजवली. गडवा फिरला, रिकामा परत आला. शकुनने पदर नाकापर्यंत ओढलेला होता, पण गडवा देताना तिचा हात दिसला. कोरडा ठणठणीत. आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि तिच्या हातावर घामाचा एक थेंब नव्हता. मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, पाहा, याला म्हणतात बंदोबस्त.

घाम थांबणं ही ऊन लागल्याची खूण, हे मीच दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून देत असे.

"आबाजी," मैना माझा सदरा ओढत म्हणाली, "आई पाणी सांडून देते."

"चुगली नाई करायची," मी म्हणालो.

आमच्यापुढे चारच माणसं उरली असतील. शकुन आधी खाली बसली. मग पार्वताबाईच्या पायांवर आडवी झाली. पदर सरकला तेव्हा नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदा मी सुनेचा चेहरा नीट पाहिला. लाल झाला होता, ओठ फुटले होते, डोळे अर्धे उघडे.

"शकुन! अवं शकुन!" चंद्रभान ओरडला. बापासमोर त्याने बायकोला नावाने हाक मारली, तीही पहिल्यांदाच.

लोकांनी वाट दिली. तिकीट फाडणाऱ्याने तिकीट मागितलं नाही. चंद्रभानने तिला उचलून काश्मीरमध्ये नेलं, बर्फाच्या लादीजवळ निजवलं. पार्वताबाई तिच्या तळव्यांना, कपाळाला बर्फ चोळू लागली. पंखे घोंघावत होते. आधीपासून आत असलेली माणसं गारव्याने अंग चोरून उभी होती. आणि मी? मला ऊन लागलेल्या माणसाचं सगळं करता येतं. मान कशी धरायची, पाणी कसं मारायचं, किती मारायचं. पण सासऱ्याने सुनेला हात कसा लावायचा? छागल घेऊन मी त्या रंगवलेल्या डोंगरापुढे नुसता उभा राहिलो. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

"दर अर्ध्या तासाले पाणी देल्लं," मी म्हणालो. "एकबी पाळी चुकवली नाई. मग कावून झालं असं?"

पार्वताबाईने वर पाहिलं नाही. बर्फ चोळत राहिली.

"पेली कुठं ते? घोटभरबी नाई पेली. पदराआड सांडलं सारं. मीबी नाई पेली."

"कावून?"

"कावून म्हणता! पेलं असतं तं जायाचं कुठं होतं? तुमाले पत्रा होता." मग शकुनच्या कपाळावर बर्फ फिरवत म्हणाली, "चाळीस वर्षं झाली तुमच्या संग गावाले जाऊन राहिली. कोन्या परवासात मले पाणी पेताना पायलं तुमी?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. आमचं लग्न, जत्रा, लेकीचं बाळंतपण, अमरावतीच्या खेपा. मला काहीच आठवलं नाही. आणि मग माझ्या सहलीतली पोरं आठवली. तीस वर्षं, शेकडो पोरं, आणि त्यात एकही मुलगी नव्हती.

कोणीतरी डॉक्टरला घेऊन आलं. सुई झाली, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. तीनच्या पुढे शकुनने डोळे उघडले आणि उघडताक्षणी हात डोक्याकडे नेऊन पदर ओढला. डॉक्टर चंद्रभानला बजावून गेला, "वाचली. पण आता पाणी बंद होता कामा नये. घरी पोचेपर्यंत थोडं थोडं पाजत राहा, नाहीतर मोटारीतच पुन्हा पडेल."

शेवटची मोटार साडेपाचची. तासाभराचा रस्ता, पण ती मध्ये एवढी थांबायची की दीड-दोन तास सहज जात. स्टँडवर त्यांना लिंबाखाली बसवून मी बायकांना जाता येईल अशी जागा शोधायला निघालो. आयुष्यात पहिल्यांदा. खिडकीतल्या बाबूला विचारलं, "बायकायसाठी काई सोय हाय का?" त्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तो हसला आणि म्हणाला, "मास्तर, मांग भीत हाय." मागे जाऊन पाहिलं. भिंतीला तोंड करून पुरुषांची रांग उभी होती, आणि पलीकडे उघडं मैदान, चहाच्या टपऱ्या, टांगे. चहावाल्याला विचारलं, एका टांगेवाल्याला विचारलं. कोणाच्या घरात शिरून विनंती करावी म्हटलं, तर मोटार लागल्याची आरोळी आली.

परत आलो. या वेळी शिट्टी वाजवली नाही. गडवा भरला, रीत बाजूला ठेवली आणि थेट तिच्यापुढे धरला. तोंड फिरवलं नाही.

"सूनबाई, घ्या. डॉक्टरनं सांगतलं हाय. माह्यावर उपकार करा."

शकुनने गडवा घेतला. सासूकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. ओठ तेवढे ओले केले आणि हळूच म्हणाली, "घरी गेल्यावर पेतो, मामाजी. आता नाई." गडवा तिने माझ्या हातात परत दिला. मी काय करणार होतो? तिला पाज म्हणून कोणाला सांगणार होतो?

गडव्यात पाणी तसंच होतं. मैना बाजूला उभी राहून सगळं पाहत होती. सकाळपासून पहिला घोट तिचाच होता, म्हणून मी गडवा तिच्यापुढे केला.

तिने आईकडे पाहिलं, मग आजीकडे. दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मले तहान नाई, आबाजी," ती म्हणाली आणि मोटारीत चढली.