आडवी पट्टी, उभा सांधा

धातूची भुकटी कागदाइतक्या पातळ थरात पसरायची, लेझरने हवी तेवढीच वितळवायची, मग त्यावर पुढचा थर. असे दोन हजार थर रचून काकाने पुतणीच्या कृत्रिम पायासाठी गुडघ्याचा सांधा छापला. शनिवारी शाळेची शर्यत होती आणि पुतणीने आपलं नाव देऊन टाकलं होतं.

शुक्रवारी दोघं तपासणीच्या खोलीत आली. तिथे आत्या धातू ओढून तोडायचं काम करते. एकवीस वर्षांत तिने काहीही जोडलेलं नाही.

"ताई, सांध्यासोबत छापलेली नमुन्याची पट्टी बाराशे किलोला तुटली, तूच तोडलीस," काका म्हणाला. "आता सांध्यावर 'पास'चा शिक्का मार."

"पट्टी कशी छापली होतीस?"

"आडवी. थर कमी लागतात."

"आणि सांधा?"

"उभा. आडवा ठेवायला यंत्रात जागाच नव्हती."

सांध्याला छपाईत दिलेल्या टेकूचा एक तुकडा आत्याने कापला, आरशासारखा घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"काय दिसतं गं?" तिने पुतणीला विचारलं.

"वहीची पानं," पुतणी म्हणाली. "मधेमधे काळ्या फटी."

"वही पट्टीसारखी लांबीच्या दिशेने ओढली तर?"

"काही होत नाही."

"आणि उभ्या सांध्यासारखं वरचं पान वर, खालचं खाली ओढलं तर?"

पुतणीने जरा विचार केला. "उघडते."

"अगं, फटी केसाहून बारीक आहेत," काका म्हणाला. "एका शर्यतीपुरता टिकेल की."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आत्या म्हणाली.

"मी नवरा नाही," पुतणी म्हणाली. "आणि गुडघासुद्धा एकच आहे. धावताना त्याला किती ओढ बसेल?"

"एकशेवीस किलो. सांधा किती सोसेल ते तोडल्यावरच कळेल," आत्या म्हणाली. " मग उद्याची शर्यत गेली."

काका खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर भिंत होती.

"तोड," पुतणी म्हणाली.

यंत्राने सांधा दोन्ही टोकांना धरला. आकडा सावकाश चढत गेला. एकशेपाचवर टक्‌ झालं. सांधा एका थरावर सरळ उघडला, कापल्यासारखा.

"पहिल्याच पावलाला पडले असते," पुतणी म्हणाली.

"दुसऱ्या. पहिलं पाऊल चांगल्या पायाचं असतं," आत्या म्हणाली आणि तिने कागदावर 'नापास' लिहिलं.

काकाने दोन्ही तुकडे खिशात टाकले. "यंत्रावरची बाकीची कामं उतरवतो. आता आडवाच छापतो."

"दोन छाप," पुतणी म्हणाली. "एक आत्याला लागेल."